तिसरी वाटी

"वर येऊ नको आत्ता. वाट्या लावून राहिली मी."

जिन्याच्या वरून आईचा आवाज आला तेव्हा रागिणीच्या एका हातात भिजवलेल्या पोह्यांची चाळणी होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल. योगेश सरांचा फोन नुकताच येऊन गेला होता. अकोल्याहून निघालेली त्यांच्या विद्यार्थ्यांची बस मूर्तिजापूरला चहासाठी थांबली होती. पोचायला अर्धा-पाऊण तास उशीर होणार होता.

"आई, पोट्टे उशिरा येऊन राहिले. सावकाश लाव."

"सावकाशच लावा लागते बाप्पा."

चाळणी ओट्यावर ठेवून रागिणी वर गेलीच. राजापेठेतल्या त्या घराच्या गच्चीवरची ती खोली. बाबा तिला स्टुडिओ म्हणत, आई म्हणे वरची खोली. भिंतींवर माणसंच माणसं होती आणि त्यातली बहुतेक मेलेली. वलगावचे कुणी पाटील, दर्यापूरच्या एक सासूबाई, कुणाचा ऐन तरुणपणी गेलेला भाऊ. फोटो मोठे करून मिळणं कठीण होतं त्या काळात बाबांनी, म्हणजे उत्तमराव भुयार मास्तरांनी, अर्ध्या वऱ्हाडातल्या घरांत गेलेली माणसं परत आणून भिंतींवर लावली होती. इथं उरली होती ती कुणी न्यायला न आलेली, किंवा मास्तरांना द्यावीशी न वाटलेली.

आई खिडकीखाली पाटावर बसली होती. समोर स्टीलच्या सात वाट्या एका ओळीत. वर फळीवर त्याच क्रमानं काचेच्या सात बाटल्या, रंगाच्या भुकटीच्या. ट्यूबमधला रंग बाबांना चालत नसे. तो मेणचट लागतो म्हणत. आई बाटलीतून भुकटी काढायची, दगडी पाट्यावर जवसाचं तेल घालून घोटायची आणि वाटीत भरायची. पांढरा, पिवळा, लाल, गेरू, हिरवा, निळा, काळा. डावीकडून उजवीकडे, कायम तेच. बाटल्यांवर नावं नव्हती. रागिणी कॉलेजात असताना आईनं एकदा चिकटपट्टीवर नावं लिहून लावली होती. बाबांनी सगळ्या पट्ट्या नखानं ओरबाडून काढल्या. "माह्याच घरात मले चिठ्ठ्या?" एवढंच बोलले होते.

उत्तमराव भुयारांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. जन्मापासून. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं.

रागिणीला ते दहाव्या वर्षी कळलं. अंगणात मिरच्या पसरल्या होत्या, ओल्या-वाळल्या, हिरव्या-लाल सगळ्या एकत्र. तिनं बाबांना म्हटलं, मले लाल-लाल वेचून द्या. बाबा मनापासून वेचू लागले आणि त्यांच्या ओंजळीत अर्ध्या हिरव्या. रागिणी खिदळली. शेजारच्या पोरींना हाका मारू लागली. आईनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि एक थापड लगावली. "ड्रॉइंग मास्तर हायेत ते शाळेत. बाहेर बोलली तं याद राख." आईनं तिला मारलेली ती पहिली आणि शेवटची थापड.

त्यानंतर रविवारी बंद दारामागून येणारा आईचा बारीक आवाज तिला कळायला लागला. "तीनमधी दोन. नाई, जास्त झालं. जरासा एक टाका." त्याआधी तिला वाटायचं, आई आत बसून पाढे म्हणते.

आता बाबांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. नोकरी जाण्याची भीती केव्हाच संपली होती. गुपित तेवढं राहिलं होतं, आणि ते आता कशासाठी राखायचं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

"आली काय शेवटी," आई मान वर न करता म्हणाली. "पोह्यांत शेंगदाणे जास्त टाक. पोरं लंबून येऊन राहिले."

चौदा मुलंमुली आली. योगेश सर बाबांचे शाळेतले विद्यार्थी, आता अकोल्याच्या एका कला महाविद्यालयात शिकवत. त्यांनी आल्याआल्या वाकून नमस्कार केला, तसा मागच्या सगळ्यांनी केला. बाबा इस्त्रीच्या कुडत्यात खुर्चीवर बसले होते. प्रात्यक्षिक ठरलं होतं, तासाभरात एक चेहरा. आकांक्षा नावाच्या सावळ्या, लांब मानेच्या मुलीला समोर बसवलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली, बाबांच्या शेजारी टेकली, उठून खाली आली.

मग रागिणी दारात उभी राहून पाहत होती. बाबांचा कुंचला वाटीकडे न बघता वाटीत जायचा, कापडावर यायचा, पुन्हा जायचा. सराव असा, की अंधारात दिव्याचं बटण सापडावं. मुलांचे मोबाइल वर धरलेले.

"सर तर वाटीकडे बघतच नाहीत," पियुष नावाचा मुलगा म्हणाला. "भारी."

"रंग वाटीत नसते बाबू," बाबा म्हणाले. "डोळ्यात असते."

चौदा वह्यांत ते वाक्य उतरलं.

चहाचा ट्रे घेऊन आई वर आली तेव्हा चेहरा पुरा झाला होता आणि कौतुक चाललं होतं. कुणाच्या तरी पायानं पाचवी वाटी ओळीबाहेर सरकली होती. आईनं ट्रे एका हातावर तोलत वाकून ती बोटानं जागेवर लोटली. कुणाचं लक्ष नव्हतं. आकांक्षानं कप घेतला आणि तिला आईची नखं दिसली.

"काकू, तुमच्या नखांत निळा रंग आहे. तुम्ही पण पेंटिंग करता?"

बाबा मोकळेपणानं हसले. "हे? इचं पेंटिंग पोळपाटावर. वाट्या धुते ना, त्यायचा लागते."

मुलं हसली. आईही हसली आणि तिनं हात पदराखाली घेतला. रागिणीनं तोंड उघडलं. आईनं तिच्याकडे पाहिलं, दहा वर्षांच्या पोरीकडे पाहावं तसं. रागिणीनं रिकामे कप गोळा केले.

बस गेल्यावर दोघी मोरीशी बसल्या.

"तू काहून हसली?"

"मंग काय रडू? पाहुण्यायसमोर?"

"वाट्या धुते म्हणे."

"धुतोच ना मी वाट्या. खोटं काय बोलले ते?" आईनं कप उपडा घातला. "आठ दिवसांपासून झोप नाई त्याइले, पोरं येणार म्हणून. आज चेहरा पाह्यला काय त्याइचा? नवरदेवावानी."

"अन् तुहा?"

"माह्या चेहऱ्याले काय झालं?" आईनं थोडा वेळ नुसतंच भांड्यावर पाणी ओतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या पोरीच्या गालाचा रंग बसला ना पण? सावळ्या अंगावर निरा लाल नाई चालत. ती खुर्चीवर बसली तशी मी पाण्याच्या बहाण्यानं गेली अन् तीन नंबरात गेरू कालवून आली. त्याइले गोष्टीच्या नादात समजलंबी नाई."

ती खूश होती. परीक्षेत पहिली आलेली मुलगी घरी येऊन सांगते तशी, पण भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेतानं. आपण आईला आत्ता काहीतरी म्हणायला हवं हे रागिणीला कळत होतं. रागिणी अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. बायकांच्या न दिसणाऱ्या कामावरची पुस्तकं ती मुलींना आपणहून काढून द्यायची, हे वाचा म्हणायची. स्वतःच्या आईला काय म्हणावं हे तिला सुचलं नाही.

"बस सुटन माही," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बाबांचा फोन आला.

"तुही माय उठून नाई राहिली," ते म्हणाले. जसा काही आईनं हट्ट धरला होता.

आईला हिरवी साडी नेसवली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नेसवतात तशी. गल्लीतल्या बाया येत होत्या, अहेव गेली, भाग्याची गेली, म्हणत होत्या. शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतं. आत्यानं करंडा पुढं केला, बाबांनी चिमटीत कुंकू घेतलं आणि आईच्या कपाळावर बरोबर मधोमध गोल टेकवलं. हात कापला नाही. मास्तरांचा हात, असं मागं कुणीतरी हळूच म्हणालं. रागिणीला वाटलं होतं, तिला रडू येईल. तिला आला तो संताप, आणि तो दहा दिवस तसाच राहिला, भाजीत मीठ जास्त पडल्यासारखा, प्रत्येक घासाला.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, मास्तरांचं आता कसं होईल. चहा कोण करून देईल, पथ्याचं कोण पाहील. रागिणी चहा करत होती आणि ऐकत होती. एकाही माणसाला खरा प्रश्न ठाऊक नव्हता. तिच्याशिवाय तो ठाऊक असलेला एकटा माणूस भिंतीला टेकून बसला होता.

दहाव्या दिवशी घर धुवून काढायचं असतं. माणिकबाई आत्या बाबांची मोठी बहीण, कामाला वाघीण. तिनं पदर खोचला आणि खालपासून वरपर्यंत सगळं घर पाण्याखाली घातलं. रागिणी बादली घेऊन वर गेली तेव्हा वरच्या खोलीतली फळी धुऊन पुसून झाली होती आणि आत्या बाटल्या परत लावत होती. उंच बाटली आधी, मग तिच्याहून बुटकी, मग आणखी बुटकी. शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी.

"कसं गबाळ ठेवत होती वयनी," आत्या म्हणाली. "आता पाह्य कसं दिसते."

तिसऱ्या जागी हिरवी बाटली आली होती. लाल गेली होती पाचव्या जागी. बाकीच्या योगायोगानं आपापल्या ठिकाणी होत्या.

रागिणी बादली धरून दारात उभी होती. हात लांबवून दोन बाटल्यांची अदलाबदल करायला तिला दोन पावलं टाकावी लागली असती. तिनं टाकली नाहीत. विचारू दे, असं तिच्या मनात आलं, आणि आल्यावर गेलं नाही. एकदा तरी विचारू दे. पोरी, यातली लाल कोणती, एवढं एकदा तोंडानं म्हणू दे. मग मी लावून देईन. दर रविवारी अकोल्याहून येऊन लावून देईन.

"चांगलं दिसते, आत्या," ती म्हणाली.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी निघताना तिनं बाबांना जेवायला वाढलं.

"वर काही लागलं तं सांगा, बाबा."

"मले काय लागते?"

"रंगाचं म्हणून राहिली मी."

बाबांनी ताटावरून मान वर केली. "चाळीस वर्षांपासून रंगवून राहिलो मी. आता तू मले रंग शिकवशीन?"

तिनं बॅग उचलली. बडनेऱ्यापर्यंत तिला वाटत होतं, फोन येईल. दीड महिना वाटत राहिलं.

फोन आला तो असा. "तुह्या मायचं चित्र पुरं केलं. योगेश पोरं घेऊन येऊन राहिला शनिवारी. अकोल्याच्या प्रदर्शनात लावतो म्हणते, पहिल्या दालनात. तू ये. चहा लागन."

ती गेली. बसमध्ये मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि मूर्तिजापूर ते बडनेरा पान तेच होतं. त्यांनी कुणाला विचारलं असेल का, योगेश सरांना, शेजारच्या कुणाला? की बाटल्या उघडून बोटावर घेऊन बसले असतील, वास घेऊन? तिला त्यांची कीव येऊ लागली, आणि कीव येते म्हणून पुन्हा राग. चहा लागन.

मुलं तीच होती, चौदातली बारा. या वेळी कुणी हसत नव्हतं. खालीच आईच्या फोटोला फुलं वाहून सगळे वर आले. चित्र लाकडी घोडीवर उभं होतं, चादरीखाली. बाबांनी ते कुणालाच दाखवलेलं नव्हतं. झाडायला येणाऱ्या बाईलाही वर येऊ दिलं नव्हतं म्हणे. रागिणी ट्रे घेऊन दारात पोचली तेव्हा योगेश सर दोन शब्द बोलून थांबले होते. बाबांनी चादर ओढली.

आई होती. डाव्या भुवईतली तुटकी जागा, हनुवटीखालची सैल वळी, हसू येत असताना ओठ दाबून धरायची रीत. समोर एकही फोटो न ठेवता बाबांनी ती काढली होती आणि रेघ कुठंही चुकली नव्हती. इतकं बारीक त्यांनी तिच्याकडे पाहिलं केव्हा?

मग रंग दिसू लागले. गालांवर हिरवट छाया होती, घासायच्या राहिलेल्या पितळेवर कळंक चढावा तशी. साडी लालभडक होती. आणि कपाळावर, अगदी मधोमध, गोल, नितळ, हिरवं कुंकू.

खाली शिकवणीच्या वर्गापुढे दुचाक्या सुरू होत होत्या. मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहून नजर खाली घातली. योगेश सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सर," पियुष अडखळत म्हणाला, "कुंकू हिरवं... म्हणजे, खूप बोल्ड आहे."

चादर धरलेला बाबांचा हात थांबला. त्यांनी पियुषकडे पाहिलं नाही. चित्राकडे पाहिलं, फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं, आणि मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या रागिणीकडे पाहिलं. दहाव्या दिवसापासून ती ज्या प्रश्नाची वाट पाहत होती तो त्या नजरेत होता. नुसती मान हलवून उत्तर देता आलं असतं. दोन्ही हातांत ट्रे धरून ती उभी राहिली. तिला मान हलवता आली नाही.

बाबांची पाठ ताठ झाली.

"मुद्दामच केलं," ते म्हणाले. "माणूस गेलं की घरातले रंग उलटे होतात. ते दाखवाचं होतं मले."

"वा, सर," योगेश सर म्हणाले. त्यांचा श्वास सुटल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. "मुलांनो, हे लक्षात घ्या. सौभाग्याचे रंग सरांनी कसे फिरवलेत. साडीचा हिरवा कुंकवात, कुंकवाचा लाल साडीत. या वयात असा प्रयोग करायला धाडस लागतं."

वह्या उघडल्या. पेनं चालू लागली. बाबा मान डोलवत होते, आधी थोडी, मग जास्त. सरांनी एकेक गोष्ट सांगावी आणि बाबांनी ती ओळखीची असल्यासारखी ऐकावी, असं चाललं. कुणीतरी हिरव्या कुंकवाचा जवळून फोटो काढला.

आकांक्षाच्या हातात भेटीच्या अहवालासाठी महाविद्यालयानं दिलेला प्रश्नांचा छापील कागद होता. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "सर, तुमच्या कामात काकूंचा काय सहभाग असायचा?"

"साथ होती ना तिची," बाबा म्हणाले. "कधी चहापाण्याची अडचण पडू देली नाई."

आकांक्षा ते लिहायला लागली. रागिणीनं ट्रे जमिनीवर ठेवला. कपांतला चहा हिंदकळून बशांत सांडला.

"मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"रागिणी, खाली जाय."

"नाही जात." ती मुलांकडे वळली. आवाज चढला नव्हता. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला नियम सांगावा तसा होता. "बाबांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. जन्मापासून. या भिंतींवर जेवढे रंग आहेत ते माझ्या आईनं घोटले, तिनं वाटीत भरले, तिनं ओळीत लावले आणि कशात काय किती मिसळायचं तेही तिनं सांगितलं. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हासुद्धा. ती गेली, बाटल्यांची जागा बदलली, म्हणून कुंकू हिरवं झालं. यात प्रयोग नाही."

योगेश सरांनी "ताई" म्हणून काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. ते भिंतीवरच्या चेहऱ्यांकडे पाहत होते, वलगावच्या पाटलांच्या फेट्याकडे, सासूबाईंच्या शालूकडे, एकेक करून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे.

बाबांनी स्टूल चाचपला आणि बसले.

"तुह्या मायनं कधी तोंड उघडलं नाई," ते म्हणाले.

"माहीत आहे मले. मीही नाही उघडलं. आत्यानं बाटल्या हलवल्या तेव्हा मी तिथंच होती, बाबा. पाहून राहिली होती. म्हटलं, तुमी विचाराल."

चादर अजून बाबांच्या हातात होती. तिची घडी घालायचा प्रयत्न करत होते आणि टोकं जुळत नव्हती.

"साडी?" त्यांनी विचारलं.

"लाल झाली."

"तिले हिरवी नेसवली होती."

"हो."

"अन् बाकी?"

रागिणीनं चित्राकडे पाहिलं. ओठ दाबून आई हसू आवरत होती.

"बाकी आईच आहे," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. आकांक्षाचं पेन "चहापाणी"पाशी थांबलं होतं. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग रागिणीकडे.

"मॅडम, हे लिहू का मी?"

रागिणी बाबांकडे बघत राहिली. त्यांनी नाही म्हणावं म्हणून तिनं त्यांना पुरेसा वेळ दिला. ते म्हणाले नाहीत.

"लिही," ती म्हणाली. "चेहरे सगळे बाबांचे आहेत, ते तसंच लिही. ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. रंग तिचे. आणि हे लिहायचं नसलं तरी ऐक. लग्न झाल्यापासून ती रोज सकाळी आरशासमोर बसून लाल कुंकू लावायची. ज्या माणसासाठी लावायची त्याला ते एक दिवसही लाल दिसलं नाही. तिला ते ठाऊक होतं. तरी जरा वाकडं झालं तर पुसून पुन्हा लावायची." ती थांबली. पुढचं वाक्य तिला मोरीशी, उपड्या कपांशेजारी, बस सुटायच्या आधी म्हणायचं होतं. "माझी आई चित्रकार होती. मी तिला हे कधी म्हटलं नाही."